धुवणाच्या भिंती

ओट्यावर पेटी गप्प होती. मधल्या खोलीत ती अधूनमधून टिकटिकली. नव्या खोलीचा उंबरा ओलांडला मात्र, आणि तिने असा कलकलाट मांडला की दारातली शेळीसुद्धा चरायची थांबली.

"बिघडली वाटतं," मिस्त्री म्हणाले.

किरणं मोजायची ती पेटी एका मुलीच्या हातात होती. ती शहरातून आली होती, उन्हाने तिचं नाक सोललं होतं आणि सकाळपासून ती घराघरांतून फिरत होती. तिने पेटी भिंतीपासून लांब धरली, जवळ धरली, जमिनीला टेकवून पाहिली. मग बटण दाबून बंदच केली. तो आवाज थांबला तशा काकू नवऱ्याला, मिस्त्रींना, बाजूला सारून पुढे झाल्या.

"इथे कोण झोपतं?"

"सून," काकू म्हणाल्या. "तिच्यासाठीच तर बांधली. सातवा लागलाय तिला."

मुलीने दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. "यांना इथे झोपू देऊ नका. तुम्हीही झोपू नका. भिंतींना वाळू कुठली वापरलीत?"

"कुठली म्हणजे? धुवणाची. सगळ्या गावाने वापरलीय."

"अंगणात खाट टाका," मुलगी म्हणाली. "आजच टाका." बाटलीतलं पाणी प्यायला तिने झाकण उघडलं, पण न पिताच परत लावलं आणि पुढच्या घराकडे गेली.

काकूंना गावातली पोरं चाळणीकाकू म्हणत. एक तर त्यांचा जन्म वाळू चाळण्यात गेला होता आणि दुसरं म्हणजे पोटात काही राहत नसे. जे मनात येईल ते ओठांवर. मिस्त्री भिंत उभी करत, काकू वाळू चाळून घमेल्यात भरून देत, आणि काम होईपर्यंत घरमालकाची सगळी कुंडली काकूंना तोंडपाठ झालेली असे. या दोघांनी मिळून निम्मं गाव बांधलं होतं. शाळाही त्यांनीच बांधली होती.

पूर्वी वाळू नदीची असे. मग यंत्रं आली आणि रात्रंदिवस नदी उपसली गेली. वरच्या गावांत इमारती वाढत गेल्या आणि इथे नदी खाली खाली जात राहिली, इतकी की शेवटी खालचा खडक उघडा पडला. वाळू गेली तशी विहिरींचं पाणी गेलं, मासे गेले, काठावरची झाडं एकेक करून वाळली. उन्हाळा असा लांबू लागला की पावसाची वाट बघणाऱ्याला लोक वेड्यात काढू लागले. बांधकामं अडली. मिस्त्री हात बांधून घरी बसले.

तेव्हा खाणीचं धुवण कामाला आलं. टेकडीपलीकडच्या खाणीतून काळा दगड निघे. तो दळायचा, औषधात धुवायचा, हवं तेवढं काढून घ्यायचं आणि उरलेलं राखाडी धुवण नळाने मोठ्या तळ्यात सोडून द्यायचं. काढून घेतलेल्याचा पुढे बॉम्ब होतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, काही जणांना त्याचा अभिमानही होता. उरलेलं तळ्यात वाळायचं आणि त्याची मऊ, एकसारखी वाळू व्हायची. पहिल्यांदा ती आणली तेव्हा मिस्त्रींनी त्यांच्या रीतीप्रमाणे चिमूटभर दाताखाली धरली, चावून पाहिली आणि थुंकली. खारट नाही, माती नाही. "सोनं आहे," ते म्हणाले होते. त्या वाळूचा गिलावा आरशासारखा व्हायचा आणि भेगा म्हणून जायच्या नाहीत. भरलेलं तळं उपसून वाळू लांब टाकायची डंपरवाल्यांची फेरी वाचे, म्हणून ते स्वतः दारात ओतून जात. पहारेकरी कानाडोळा करत. लोक डंपरवाल्यांना वर चहा पाजत.

काकूंचा मुलगा त्याच खाणीवर डंपर चालवायचा. नव्या खोलीची वाळू त्यानेच आणून ओतली होती, हौसेने, बायकोसाठी. सुनेचे आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. मधल्या खोलीत धूर कोंडतो, म्हणून असं होत असेल, असं काकूंच्याच डोक्यात आलं, आणि त्यांनीच नवऱ्यामागे टुमणं लावून ही हवेशीर खोली बांधून घेतली. मिस्त्रींनी तिच्या भिंतींवर जेवढा हात फिरवला तेवढा कुणाच्या भिंतींवर फिरवला नव्हता.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला तर बायको अंगणात खाटेवर बसलेली.

"हे काय नवीन?"

काकूंनी सांगितलं. तो हसला. मग हसू आपोआप ओसरलं आणि तो रागावला.

"त्या पोरीला काय कळतं? अशा दहा येतात. खाण बंद पाडायची असते त्यांना. आम्ही रोज त्या धुवणात उभे असतो, मला काय झालं?"

"तुला काय झालं ते तुझ्या बायकोला विचार," काकू म्हणाल्या.

सून ताटातलं जेवण बोटाने इकडचं तिकडे करत होती. "मला आत नका पाठवू," ती एवढंच म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण ऐकल्यावर कुणाची परत सांगायची छाती झाली नाही.

"माझी भिंत आहे ती," मिस्त्री मध्येच म्हणाले. "आजवर माझ्या भिंतीत कुणी खोट काढलेली नाही." ते उठले आणि नव्या खोलीत जाऊन खाली बसले, पाठ भिंतीला टेकून. जेवायलाही उठले नाहीत. काकूंनी दोनदा हाक मारली आणि मग त्यांचंही डोकं फिरलं. "बसा तिथेच!" त्या ओरडल्या. "भिंतीशीच संसार करा!"

दुसऱ्या दिवशी दोघं खाणीच्या कचेरीत गेले. मुलगा आला नाही. त्याचं खरं होतं, नोकरी त्याची होती. फाटकाबाहेर सावली नव्हती, पहारेकऱ्याने उन्हातच उभं करून ठेवलं. मिस्त्रींनी धुतलेला सदरा घातला होता तो पाठीला चिकटला. पहारेकऱ्याचं घर त्यांनीच बांधलेलं, पण आज तो त्यांच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे आतून बोलावणं आलं.

साहेबांची खोली थंडगार होती. साहेब मात्र तसे मऊ. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे बघा," ते म्हणाले, "ही सगळी निसर्गातलीच गोष्ट आहे. मातीत असते, दगडात असते, केळ्यातसुद्धा असते. तुम्ही केळी खायचं सोडता का?"

"आम्ही केळ्यांची खोली बांधलेली नाही, साहेब," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींनी त्यांना कोपराने ढोसलं. साहेब हसले. "तुमचा राग समजतो मला. पण जरा मोठा विचार करा. इथून जे जातं, त्याच्या जोरावर सीमेपलीकडचा कुणी आपल्याकडे वाकड्या नजरेने बघत नाही. तुमच्या गावाचा हातभार आहे त्यात. मान ताठ ठेवायला हवी तुम्ही."

"मग तो बॉम्ब वापरणार कधी?"

"कधीच नाही. न वापरण्यासाठीच असतो तो."

"तर मग करता कशाला?"

"समोरच्याला भीती वाटावी म्हणून."

"आणि समोरचा?"

"तोही करतो. त्याच कारणासाठी." साहेब चहात चमचा फिरवत होते. "दोघांकडे असला की दोघंही गप्प बसतात."

"आणि नाही बसले एखाद्या दिवशी? डोकं फिरलं कुणाचं?"

"तर मग काय," साहेब हलकेच म्हणाले, जसं काही उद्या आभाळ भरून येईल म्हणावं तसं, "काही उरणार नाही. इकडेही नाही नि तिकडेही नाही. सूर्य झाकला जाईल, पिकं येणार नाहीत. म्हणून तर कुणी वापरत नाही."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे वापरलात तर सगळे मरणार, आणि नाही वापरलात तर तोवर आम्ही. असंच ना?"

"अगं," मिस्त्री म्हणाले.

"अगं काय? विचारू द्या की मला! माझ्या सुनेची दोन पोरं कुठल्या लढाईत गेली ते विचारू द्या!"

साहेबांनी चहाचा कप बाजूला ठेवला. बघितलं तर त्यांचा चेहरा अजूनही मऊच होता. त्यांनी घंटी वाजवली आणि शिपायाला काहीतरी आणायला सांगितलं. "भिंतींवर रंगाचे दोन हात मारा," ते म्हणाले. "धूळ उडायची थांबेल. धूळ नाही तर काळजी नाही." शिपाई रंगाचे दोन डबे घेऊन आला. उंची रंग होता, खाणीच्या बंगल्यांना लावतात तो.

मिस्त्रींनी ते डबे घेतले. दोन्ही हातांनी घेतले, मान वाकवून घेतले, आणि वर "उपकार झाले" म्हणाले. काकूंनी आयुष्यात नवऱ्याला पुष्कळ वेळा वाकलेलं पाहिलं होतं, पण ते वाकणं कामाचं होतं. हे पाहून त्यांना रडू आलं असतं, पण राग आडवा आला. परतीच्या वाटेवर त्या नवऱ्याच्या पुढे लांब लांब चालत राहिल्या. मागून डब्यांच्या कड्या वाजत होत्या.

वाटेत शिंप्याचं दुकान लागलं. शिंप्याच्या रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. दोन देशांचे पुढारी पुन्हा एकमेकांना दम देत होते आणि शिंपी मशीन थांबवून ऐकत होता.

"टाकाच म्हणावं एकदा!" तो कुणाला तरी म्हणत होता. "बघू तरी काय होतं. आपल्या दगडाचा हिसका दिसू दे जगाला." काकूंना बघून त्याने हाक मारली. "काय काकू, रंगकाम काढलं वाटतं?"

"कापडं शिव," काकू म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

घरी पोहोचल्यावर मिस्त्रींनी खरोखरच डबा उघडला. काठीने रंग ढवळला, कुंचला भिजवला आणि नव्या खोलीत जाऊन भिंतीचा कोपरा धरला. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. पांढराशुभ्र पट्टा वरून खाली आला, मग त्याच्या शेजारी दुसरा. दिसायला चांगला दिसत होता, तेच वाईट होतं. काकू वळल्या, शेळीच्या खोपटातून पहार आणली आणि भिंतीच्या मधोमध हाणली.

"अगं वेडी झालीस का!"

काकूंनी पुन्हा हाणली. गिलाव्याचा पापुद्रा उडाला. तिसऱ्या घावाला पहार अडकली, त्यांनी ती हिसडून काढली तशी वरची वीट हलली.

"थांब! वरची भिंत अंगावर येईल!"

"येऊ दे!"

मिस्त्रींनी त्यांच्या हातातून पहार ओढून घेतली. काकूंना वाटलं, आता हे हात उगारणार. आजवर कधी उगारला नव्हता, पण आज उगारला तर उगारू दे, असंही त्यांना वाटलं. मिस्त्रींनी भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या हातचं काम मधोमध फुटलं होतं आणि रंगाचे दोन पट्टे बाजूला ओले होते.

"असं मधून नाही फोडायचं," ते शेवटी म्हणाले. "वरून उतरवायचं. आधी छप्पर, मग वरचा थर. भिंत पाडायचीही रीत असते."

आणि ते शिडी आणायला गेले.

खोली उतरवायला पुष्कळ दिवस लागले. बांधताना लागले होते त्याहून जास्त. मिस्त्री वर बसून छिन्नीने सांधा मोकळा करत, वीट सोडवत आणि खाली काकूंच्या हातात देत. धूळ उडू नये म्हणून आधी भिंत भिजवावी लागे आणि पाणी तर प्यायलाच पुरत नव्हतं. टँकर आला की निम्मं घरात आणि निम्मं भिंतीला. शेळी रित्या भांड्यात तोंड घालून ओरडायची. दोघांनी नाकातोंडाला ओली फडकी बांधली होती. तासाभरात ती फडकी राखाडी होत, आणि फडकी काढली की आतली थुंकीही राखाडीच. काकूंचा जुना खोकला होता, तो आता शब्द पुरा होऊ देईना. ऐन दुपारी पत्रा इतका तापे की मिस्त्रींच्या तळहातांना फोड आले. त्यांनी त्यांवर चिंध्या गुंडाळल्या आणि काम चालू ठेवलं.

सून मदतीला आली की काकू खेकसत. "लांब हो! तिकडे, झाडाखाली! पाणीबिणी काही नको आणूस!"

"आई, बसून बसून जीव जातो माझा."

"गेला तर जाऊ दे, पण इकडे यायचं नाही!" बोलून गेल्यावर काकूंनी जीभ चावली. सून मात्र झाडाखाली बसून हसली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

मुलगा पहिले काही दिवस बघत राहिला. कामावरून यायचा, अंगणातला ढीग बघायचा, मान खाली घालून हातपाय धुवायचा. एका सुट्टीच्या सकाळी तो न बोलता वर चढला आणि बापाच्या हातातली छिन्नी घेतली. काकूंनी त्या दिवशी दोघांनाही हाताला धरून जेवायला बसवलं.

गाव गप्प बसणार कसं? आधी लोकांनी चेष्टा केली, मिस्त्रीला काम नाही म्हणून स्वतःचंच घर पाडतो म्हणाले. मग पेटीवाल्या मुलीचं बोलणं घराघरांतून फिरलं, आणि चेष्टा थांबली. शिंपी एका दुपारी तरातरा अंगणात आला. त्याचं घर गेल्याच साली मिस्त्रींनी बांधलं होतं आणि घरात रांगतं पोर होतं.

"माझ्या घरातही हेच घातलंस?" त्याने मिस्त्रींची गचांडी धरली. "बोल! माझं पोर त्या जमिनीवर लोळतं, ती जमीन चाटतं! बोल ना!"

मिस्त्रींनी हात वर केले नाहीत की सोडवून घेतलं नाही. "हेच घातलं," ते म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं म्हणे!"

"त्याला सोड," काकू मध्ये पडल्या. खोकत खोकतच बोलल्या. "आधी त्याला सोड. ठाऊक ज्यांना होतं ते तिकडे थंड खोलीत बसलेत, त्यांची गचांडी धर जा. तुलाच बघायचा होता ना हिसका, जगाला दाखवायचा होता? बघ, डोळे भरून बघ! पहिला बॉम्ब आपल्याच घरात पडलाय!"

शिंप्याचे हात सुटले. तो तिथेच एका विटेवर बसायला गेला, मग वीट कसली आहे ते आठवून चटकन उठला. बसायला त्याला जागाच सापडेना. तो उभ्या उभ्या म्हणाला, "आता काय करू मी? सांग मिस्त्री. कुठे नेऊ त्याला?"

मिस्त्रींची नजर ढिगाकडे गेली. खोली पुरी उतरली होती आणि अंगणात माणसाच्या उंचीचा ढीग उभा होता. तो टाकायचा कुठे हेच त्यांना कळत नव्हतं. शेतात टाकला तर धान्यात येणार. नदीच्या खडकात टाकला तर पहिल्या पुराला खालच्या गावांच्या विहिरीत जाणार. पुरला तरी त्यांच्याच जमिनीत राहणार.

"जिथलं तिथे," काकू म्हणाल्या. "त्यांचं त्यांना."

शिंप्याने मेव्हण्याचा ट्रॅक्टर आणला. ढीग भरायला दोघा-तिघांचे हात लागले. मुलगा त्या दिवशी कामावर होता. काकू नि मिस्त्री ट्रॉलीत ढिगाशेजारी बसून गेले. मागून गावातले लोक चालत आले, काही तमाशा बघायला, काही खरोखरीचे.

फाटकावर पहारेकऱ्याने दांडा आडवा टाकला. "माल आत न्यायचा नाही. परवानगी लागते."

"बाहेर यायला लागली नव्हती," मिस्त्री म्हणाले.

"मला वरून हुकूम आहे, मिस्त्री. माझ्या पोटावर नका येऊ."

साहेब बाहेर आले. गर्दी बघून त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "हा माल आमचा कशावरून? वाळू काय कुठलीही असते."

"तुमच्याच डंपरने ओतलीय," काकू म्हणाल्या.

"असं? मग ती सरकारी मालमत्ता झाली. चोरीचा गुन्हा होतो तुमच्यावर. कुणाकुणाच्या घरात आहे ते सांगा, सगळ्यांवर होईल." गर्दीत कुजबुज झाली, मागचे दोघे-चौघे हळूच पांगले. साहेबांना धीर आला. "तेव्हा शहाण्यासारखे घरी जा. आणि हे भीतीचं खूळ सोडा. मी लेखी देतो हवं तर, या वाळूत माणसाला अपाय होईल असं काहीही नाही."

"काही नाही?" काकूंनी विचारलं.

"काहीही नाही."

"नक्की?"

"बाई, किती वेळा सांगू?"

काकू ट्रॉलीतून उतरल्या. त्यांनी घमेलं काढलं, ढिगातल्या भुग्याने ते शिगोशीग भरलं आणि डोक्यावर घेतलं. ते ओझं त्यांच्या मानेच्या ओळखीचं होतं. पहारेकऱ्याने दांडा धरला होता, त्याखालून त्या वाकून आत गेल्या. वाकायची सवय अशी उपयोगी पडली. सरळ साहेबांच्या कचेरीच्या पायऱ्यांकडे चालायला लागल्या.

"अहो, कुठे चाललात?"

"तुमच्या खोलीला गिलावा करून देते, साहेब. त्या दिवशी बघितलं, पोपडे आलेत कोपऱ्यात. अहो, थापी घेऊन या हो! साहेबांच्या टेबलामागची भिंत आधी घेऊ. पोरंबाळं असतील बंगल्यावर, त्यांचीही खोली करून देऊ. मऊ होते भिंत, हात फिरवत राहावंसं वाटतं."

मिस्त्री दांड्यापाशी उभे होते. त्यांच्या तोंडून इतक्या दिवसांत मोठा शब्द निघाला नव्हता. त्यांनी ट्रॉलीतून थापी घेतली, दांडा हाताने वर उचलला आणि बायकोच्या मागे चालायला लागले. पहारेकऱ्याने दांडा सोडून दिला.

काकू पायरीवर चढल्या, थंड हवा त्यांच्या तोंडावर आली. त्यांच्या आधी साहेब धावत आत शिरले होते. काकूंनी दार ढकललं.

"ते आत नको!" साहेब किंचाळले. तो मऊपणा गेला कुठे कुणास ठाऊक. खिशातला रुमाल काढून त्यांनी नाकावर दाबला होता आणि ते मागे मागे सरकत होते. "अरे बघता काय, धरा तिला! हात नका लावू त्याला, हातमोजे घाला आधी! आत येऊ देऊ नका ते, आत नको!"

दगड दळायचं यंत्र तेवढं दूर घरघरत होतं. काकू उंबऱ्यावर थांबल्या. डोक्यावरचं घमेलं तसंच होतं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं आणि मग गर्दीकडे वळल्या.

"आत नको म्हणाले," मिस्त्रींनी मोठ्याने सांगितलं. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. डंपरांच्या रांगेतून उतरून आलेल्या चालकांनीही ऐकलं होतं. त्यांत काकूंचा मुलगाही होता. त्याने अंगावरचा खाणीचा सदरा तिथेच काढला, जमिनीवर टाकला आणि उघड्या अंगाने आईच्या डोक्यावरचं घमेलं उतरवून घेतलं. ते त्याने पायरीवर पालथं केलं. धूळ उठली तशी साहेबांनी आतून दार लावून घेतलं.

शिंपी कुणालाही न सांगता पळत सुटला. घराकडे. त्याच्यामागे आणखी एक बाई पळाली, मग एक म्हातारा जमेल तसा चालू लागला. बघता बघता फाटकासमोर ढीग आणि ट्रॉली एवढंच उरलं.

संध्याकाळपर्यंत गावातली घरं रिकामी झाली होती. लोकांनी खाटा, पाळणे, भांडी नदीत आणली होती, खडकावर. दुसरी मोकळी जागा नव्हती, आणि तिथे तरी भिंती नव्हत्या. म्हातारी माणसं आपापल्या घराकडे तोंड करून बसली होती. कुणी मिस्त्रींना शिव्या देत होतं, कुणी त्यांनाच विचारत होतं की आता कसं, पाऊस आला तर कसं, शाळेचं कसं. मिस्त्री शिव्यांनाही मान हलवत होते आणि प्रश्नांनाही. पोरांना मात्र सुट्टी लागल्यासारखं झालं होतं, ती एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर उड्या मारत होती.

काकू सुनेच्या खाटेपाशी खडकावर टेकल्या. खोकला थांबायला वेळ लागला.

"जिंकलात म्हणे तुम्ही," सून म्हणाली.

"कसलं जिंकणं. दार लावून बसलाय मेला. उद्या डंपर पुन्हा चालू होतील, दगडही दळतील. तिकडचेही दळत असतील त्यांच्या डोंगरात." काकूंचा राग अजून अंगात होता, तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. "तुला सांगते, त्या सगळ्यांना, इकडच्या आणि तिकडच्या, एकेका खोलीत ठेवायला पाहिजे आपल्या. त्यांच्या सुनांना घेऊन."

"सुनांना नको," सून म्हणाली.

काकूंनी खडकावरचा एक खडा उचलून लांब भिरकावला.

सून एकदम दचकली, मग तिने श्वास रोखला. चेहरा उजळला. "आई, हलतंय. बघा, लाथ मारतंय. आणा हात तुमचा, इकडे." आणि तिने काकूंचा हात धरून पोटाकडे ओढला.

काकूंनी हात हिसकावून घेतला. इतक्या जोरात, की सुनेची बांगडी वाढता वाढता राहिली. तळहाताच्या रेघांत, नखांत, मनगटावर राखाडी धूळ भरून राहिली होती.

"थांब," काकू म्हणाल्या. "धुऊन येते."

त्या उठल्या आणि पाण्याच्या पिंपाकडे गेल्या. पिंपातलं पाणी टँकरचं होतं. टँकर भरायचा तो टेकडीखालच्या विहिरीवर, आणि ती विहीर धुवणाच्या तळ्याला लागून होती. काकूंनी तांब्या बुडवला, वर काढला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"आई, या ना लवकर," मागून सून हाक मारत होती. "थांबेल नाहीतर ते."